नानांचा राहिलेला फोटो

अक्कलकुवा, १२ जानेवारी १९६१

सौ. अक्कास, भाईदासचा नमस्कार.

माझी कावीळ उतरते आहे, काळजी करू नकोस. घरमालकीण दगूबाई ताक-भात देतात. दाजींचा खोकला थांबला का?

फोटो स्टुडिओ महिनाभर बंद आहे. दिवसा जुने फोटो पाहत पडतो, संध्याकाळी मागच्या तंबूतला सिनेमा अंथरुणातूनच ऐकतो. काल ऐकवेना.

अक्का, तुझ्या लग्नात कॅमेरा बिघडला नव्हता. सकाळी नाना म्हणाले होते, "जसूसंगे मन्हा एक फोटू काढजो रे भाऊ." मी हो म्हणालो आणि मित्रांबरोबर शहाद्याला सिनेमाला गेलो. परतलो तोवर तुझी पाठवणी झाली होती. कॅमेरा दुरुस्तीला नेला होता, असं मी सांगितलं.

नानांनी उलट माझीच समजूत घातली, "यंत्र शे भाऊ, बिघडस."

आता नाना नाहीत. माझ्या पेटीत तालुक्यातल्या कितीतरी बापलेकींचे फोटो आहेत, तुम्हा दोघांचा एकही नाही. बहिणीच्या लग्नात पोरगा जेवण सोडून कॅमेऱ्यासाठी धावला, असं ते शेवटपर्यंत कौतुकानं सांगत होते.

रागावलीस तरी दोन ओळी लिही.

तुझा धाकटा,
भाईदास