खाडीची खोटी नावं

मास्तर, तुम्हाला जाऊनच आता चाळीसेक वर्षं होत आली. हे वाचायला तुम्ही नाही एवढं मला कळतं. म्हातारी झाले, वेडी नाही झाले. पण गेल्या रविवारी कॉलेजातली पोरं आमच्या गल्लीत आली, हातात फोन, आणि खाडीतल्या जागांची जुनी नावं कुणाला येतात का म्हणून विचारत सुटली. सुनेने मला पुढे ढकललं. "आमच्या आईंना विचारा, त्यांचा जन्म खाडीत गेलाय." माझ्या जिभेवर एक नाव आलंसुद्धा. मग म्हटलं, माझी गोळी राहिली, आणि आत येऊन पंख्याखाली बसले. तेव्हापासून तुम्ही डोक्यातून जात नाही.

शीव कोळीवाड्यात माझं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. ओहोटी लागलेली, आम्ही बायका चिखलात चिंबोऱ्या धरत होतो. तुम्ही काठावर आलात, धोतर गुडघ्यावर, काखेत कागदाची सुरळी, चपला हातात. ओरडून विचारलंत, "बायांनो, ही नदी कुठून येते?" मी म्हटलं, "सकाळी डोंगराकडून, दुपारी समुद्राकडून. तुम्हाला कुठली पाहिजे?" बायका फिदीफिदी हसल्या. तुम्ही तिथेच उकिडवे बसलात आणि ते लिहून घेतलंत. माझं बोलणं कुणी कागदावर उतरवलं ते तेव्हा पहिल्यांदा.

दिवस मुंबईच्या भांडणाचे होते. परळ-लालबागला भिंत म्हणून कोरी राहिली नव्हती, आमचे पुरुष जाळी टाकून मोर्चाला जायचे. तुमचं मात्र निराळंच. तुम्ही काठीने चिखलात रेघ ओढलीत. माहीमला भरती आत शिरते, धारावीवरून वर चढते, शीवच्या किल्ल्याखाली येऊन पोचते. अलीकडे मुंबई, पलीकडे साष्टी. म्हणालात, "गोऱ्यांनी बांध घातले, भर टाकली, सात बेटांचं एक केलं, आणि एवढ्या मोठ्या पाण्याची बोळ करून ठेवली. मुंबई कुणाची म्हणून सगळे भांडतात, पण मुंबईला नदी आहे हे कुणाच्या गावी नाही. इथल्या वळणावळणाला कोळ्यांनी नाव दिलेलं असणार, आपल्या भाषेत. ती सगळी एका नकाशावर आली की मग बघू, मुंबई कुणाची म्हणून कोण विचारतो." आणि माझ्याकडे वळून, "पोरी, तू नावं सांग, मी तुला लिहायला शिकवतो."

मग दर रविवारी तुम्ही डिलाईल रोडवरून यायचात. उलट्या घातलेल्या होडीवर पाटी ठेवून मी गिरवायची. एकदा थुंकीने पाटी पुसली तर केवढे तापलात. "विद्येला थुंकी लावतेस?" पुढच्या खेपेला स्वतःच्या जुन्या सदऱ्याचा तुकडा ओला करून आणलात. तिथीची पाऊण केली की भरतीची वेळ निघते, चतुर्थीला तीन वाजता पाणी पुरं, हे मी तुम्हाला सांगितलं ते खरं होतं, माझ्या बापाचं होतं. बाकी नावं मी तोंडाला येतील तशी ठोकून दिली. तिवरांमागच्या चराला आंधळ्याची उडी. खाडीत पुढे आलेल्या गाळाच्या सोंडेला सासूचं नाक. तुम्ही पेन्सिल कानाला लावून म्हणालात, "हे फार जुनं दिसतंय." मी मान हलवली.

आणि मग लालबागच्या चाळीतली ती सभा. संध्याकाळची वेळ, आम्ही कोळीवाड्याच्या बायका पुढे सतरंजीवर, माझ्या शेजारी माझी सासू, नवं लुगडं नेसून. भिंतीवर तुमचा पुरा झालेला नकाशा. तुम्ही काठीने एकेक जागा दाखवताय, नाव वाचताय, आवाज चढलेला, आनंदाने. सासूचं नाक आलं तशी माणसं हसतात. माहीमचा एक म्हातारा कोळी उठतो. "मास्तर, होडी वल्हवता वल्हवता माजे केस पिकले. असला नाव बापजन्मात ऐकला नाय." मागून कुणीतरी ओरडतो, "घरी बसून बारसं केलंय मास्तरांनी!" हशा. तुम्ही रागावत नाही. काठी माझ्याकडे करता. "ही पोर तिथलीच. तिनेच सांगितलंय. सांग गं."

सासू मान वळवते. "तू सांगितलंस गो? माजा नाक?"

मी उभी राहिले आणि म्हणाले, "मना काय ठाव? मी नुसती पाटी गिरवाला जायची."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. फार वेळ नाही. मग लोकांना म्हणालात, "माझी ऐकण्यात चूक झाली असेल." नकाशा गुंडाळलात, सुरळीला दोरा बांधलात, गाठ नीट बसेना म्हणून दोनदा सोडलात. पुढच्या रविवारी आला नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. शाळेतली पोरं तुम्हाला बारसं मास्तर म्हणतात हे मला परळच्या बाजारात कळलं, टोपली घेऊन बसले होते तेव्हा. मुंबई मिळाली, पेढे वाटले, मी खाल्ले. एकदा सुके बोंबील बांधून तुमच्या चाळीत आले होते. तुमचा आवाज ऐकू येत होता, कुणाला तरी शिकवत होतात. अर्ध्या जिन्यावरून परत फिरले.

त्या खाडीला आता लोक नाला म्हणतात. पूर आला की तेवढ्यापुरती नदी म्हणतात. सोंड नाही, चर नाही, भर टाकून वर माणसं राहतात. त्या जागांना लोक खरं काय म्हणायचे ते सांगणारं माणूसही उरलं नाही.

हा कागद मी कुणाला दाखवणार नाही, म्हणून लिहिते. आजवर मी स्वतःला समजावत आले की पोरवय होतं, थट्टा केली. नवऱ्यालाही तेच सांगितलं. थट्टा नव्हती मास्तर. मी उरणकडची, त्या खाडीतलं एकही नाव मला येत नव्हतं. सासूला येत होती, सगळी. विचारलं असतं तर तिने सांगितलीही असती. पण मग तुम्ही तिच्यापाशी जाऊन बसला असता, आणि मला लिहायला शिकायचं होतं.