कलम चौथं

१२ नोव्हेंबर १९५९
खेमसिंगांचा उजवा हात मोडला आहे. वणीच्या डॉक्टरांनी दुपारी तसं पक्कं सांगितलं. मोडणारा मी.

सकाळी मुकुटबनहून साप्ताहिकाच्या जीपनं परतत होतो. पुढे कापसाच्या सहा बैलगाड्या. गेल्याच अंकात माझा लेख आलाय— 'मोटार सांभाळून कशी चालवावी'. दहा कलमं! चौथं : बैलगाड्या दिसताच दुरूनच भोंगा वाजवत राहावं. वाजवला. शेवटच्या गाडीचे बैल उधळले, गाडी नाल्यात, गाडीवान खेमसिंग तिच्याखाली.

माझं लायसन्स दोन महिन्यांचं. लेख एका तासाचा— अंक छपाईला जायचा होता.

१३ नोव्हेंबर
दवाखान्यात गेलो. खेमसिंगांचा हात प्लास्टरात.

"बाबूजी, आमची रीत हाय. पयल्या गाडीवरचा जागा रायते, मांगचे सारे झोपतेत. बैल आपले पुढच्या गाडीमांगं चालतेत. भोंगा आयकाले जागं कोन हाय? बैलच ना!"

"मग मोटारवाल्यानं करावं काय?"

"मोटार उभी करावं. उतरून पुढं जावं, पयल्याले हाक द्यावं. तो समदी रांग कडेले घेते."

मी लेख वाचून दाखवला. खालचं नाव सोडून.

"लिवनारा कदी बैलगाडीत बसला काय?"

"नसावा," म्हणालो. धीर तेवढाच!

१४ नोव्हेंबर
दुरुस्ती लिहिली. पण अंक निघणार शुक्रवारी, आणि सोमवारी वणीचा बाजार. मुकुटबनहून चाळीस गाड्या पहाटे निघायच्या.

म्हणून ट्रकवाल्यांनाच गाठलं. देवीलालनं माझं कात्रण पुढच्या काचेला चिकटवलंय. इतरांनीही. उभ्या आयुष्यात माझं लिखाण पहिल्यांदाच कुणी जपलं!

"चौथं कलम चूक आहे, देवीलाल."

"छापेल हाय ना, बाबूजी? छापेल कायले खोटं राहीन!"

१५ नोव्हेंबर, सकाळ
इंदू म्हणाली, "आता तरी खेमसिंगांना खरं सांगा, लेख तुमचाच म्हणून." बायकोचं कलम एकच. बरोबर.

१५ नोव्हेंबर, संध्याकाळ
सांगितलं. खेमसिंग म्हणाले— "तं उद्या बसा गाडीत. शेवटच्या. झोपू नोका."

लाल फडकं, कंदील काढून ठेवला आहे. पहाटे चाळिसाव्या गाडीवर मी, पुढे झोपलेली माणसं. देवीलालचा ट्रक मागून त्याच रस्त्यानं यायचा आहे. चौथं कलम त्याला पाठ आहे.