सुया महेश्वरीला, घर सुंदराला

मी, काशम्मा चनबसप्पा कलशेट्टी, वय अडुसष्ट, काम घरचे, राहणार शेळगी, सोलापूर, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. मला कोणी लिहायला बसवलेले नाही आणि कोणी धाक घातलेला नाही. कायद्याचे शब्द वकिलांनी सांगितले तसे जागच्या जागी घातले आहेत. बाकीचे माझे आहेत. ते त्यांनी दोनदा खोडायला सांगितले, मी खोडलेले नाहीत.

१. माझ्या भानाबद्दल. "मन व बुद्धी स्थिर असताना" असे लिहायची पद्धत आहे. बुद्धी स्थिर आहे. मनाचे खरे सांगते. मला काळजीचा त्रास आहे आणि तो जुना आहे. छाती धडधडते, तळहात ओले होतात, कडी लावून आले तरी लावली नाही असे वाटत राहते. त्यासाठी डॉक्टर मृत्युंजय हिरेमठ यांची गोळी मी घेते. उद्या कोणी म्हणेल की म्हातारी गोळ्या खात होती, तिला काय कळत होते. म्हणून खुद्द डॉक्टरांना साक्षीला बोलावले आहे. घाबरणारे माणूस वेडे नसते. पुढे काय काय होऊ शकते, याचा विचार त्याने सगळ्यांच्या आधी करून ठेवलेला असतो. हे मृत्युपत्रही त्यातलेच आहे.

२. दोन वर्षांपूर्वी केलेले मृत्युपत्र मी रद्द करते. त्यात सगळे माझ्या दोन मुलांना अर्धे अर्धे होते. मुलांबद्दल माझे काही वाकडे झालेले नाही. त्यात घरातल्या एका माणसाचे नाव घालायचे राहिले होते.

३. माझी माणसे. माझे पती कै. चनबसप्पा एसटीत ड्रायव्हर होते. मुलगा सोमशेखर पुण्याला नोकरीला आहे, त्याची बायको पूनम व मुलगी सृष्टी. मुलगी महेश्वरी बार्शीला दिलेली आहे. आणि माझी नणंद सुंदरम्मा, वडिलांचे नाव शिवयोगी कलशेट्टी. नवऱ्याने टाकल्यावर ती भावाच्या घरी आली ती आजतागायत आमच्याकडे आहे. त्या नवऱ्याचे नाव मी या कागदावर लिहीत नाही. रेशनकार्ड सोडले तर सुंदराचे नाव कुठल्याच कागदावर नाही.

४. बँकेत जे असेल त्यातून आधी माझ्या मातीचा खर्च करावा. मला आमच्या लिंगायत रीतीप्रमाणे बसवून, हातात इष्टलिंग देऊन माती द्यावी. मालकांच्या नशिबी ते आले नाही. ते लॉकडाऊनमध्ये, मे महिन्यात तापाने गेले. दवाखान्यातून त्यांना परस्पर नेले. आम्ही घरात बसून होतो, एवढेच मला माहीत आहे. उरलेले पैसे सोमशेखर व महेश्वरी यांनी सारखे वाटून घ्यावेत. बोरमाळ महेश्वरीला. पाटल्या सूनबाई पूनमला. ती माझ्याशी कधी वाकडे बोलली नाही. फारसे बोललीच नाही, पण माझा फोन मात्र ती पहिल्या घंटीला उचलते, हे मी धरून ठेवले आहे.

५. माझी पुस्तके सृष्टीला. माझी शाळा अक्कलकोटकडच्या खेड्यात, कानडीत, तिसरीपर्यंत झाली. मराठी वाचायला मी लग्नानंतर शिकले, तेही विणकामाच्या पानावरून. शेजारी सिव्हिलमधल्या एक नर्सबाई राहत होत्या. मालकांची रात्रपाळी असली की मी दारात उभी असते हे त्यांनी पाहिले होते. एक दिवस त्यांनी माझ्या हातात दोन सुया, लोकरीचा गुंडा आणि एका मासिकातून फाडलेले पान दिले. म्हणाल्या, "उभं राहून गाडी लवकर येत नाही. बसा आणि हे करा." त्या पानावरचे "दोन सुलट, दोन उलट" हे मी लावून वाचलेले पहिले मराठी. त्यानंतर वाचनालय लावले, आणि जे मिळेल ते वाचले. सृष्टीने पुस्तके वाचली नाहीत तरी चालेल, रद्दीत घालू नयेत. तिला केलेला स्वेटर तिला टोचत होता, हे तिने तोंडावर सांगितले. "आजी, छान आहे गं, पण टोचतो." खरे बोलणारे माणूस घरात एक तरी हवे.

६. मंगळवेढ्याच्या जाऊबाईंना काही नाही. त्यांच्या नातवासाठी विणलेली दुलई त्यांनी मिक्सरखाली घातली होती. मी डोळ्यांनी पाहिली. आवाज कमी येतो म्हणाल्या.

७. लोकर, सुया, क्रोशाच्या सुया व हे सगळे ठेवलेली पत्र्याची पेटी महेश्वरीला. याबद्दल दोन शब्द लिहिते, ते तिने नीट वाचावेत.

सोलापुरात लोकरीचे काम करणारी बाई म्हणजे लोकांना हसायला कारण. आमच्याकडे थंडी पाहुण्यासारखी येते आणि जेवून जाते. तरी मी विणत राहिले. डेपोतल्या बहुतेक ड्रायव्हर-कंडक्टरांना माझी कानटोपी किंवा मफलर मिळालेला आहे. मालकांचे कंडक्टर गुरुशांत बिराजदार भर उन्हाळ्यात घरी आले होते. मी मफलर पुढे केला तर म्हणाले, "वैनी, डेपोत आमी पंख्याखाली बसायला भांडतोय, अन् तुमी गळ्याला लोकर देताय व्हय?" मालक आतून म्हणाले, "घे रं गुरू. तू नाही घेतलास तर ती मला दोन घालंल." पुढच्या हिवाळ्यात गुरुशांत तोच मफलर घालून पहाटेच्या गाडीवर जात होते.

तर महेश्वरी, स्वतःसाठी विणू नको. मी करून पाहिले आहे, उपयोग होत नाही. स्वतःचे विणताना डोक्यात आपणच राहतो. दुसऱ्यासाठी विणताना त्याचे डोके केवढे, त्याला गळ्याशी घट्ट आवडते का सैल, याचा विचार करावा लागतो आणि तेवढा वेळ भीतीला बसायला जागा राहत नाही. भीती जात नाही, बाहेर ओट्यावर थांबते. तुलाही माझ्यासारखे होते. तू सांगत नाहीस, पण फोनवर तुझा श्वास मला कळतो. पेटी माळ्यावर टाकू नको.

८. आता घर. शेळगीतले हे घर, खाली दोन खोल्या व स्वयंपाकघर, वर एक खोली, माझ्या एकटीच्या नावावर आहे. ड्रायव्हरचा जीव रस्त्यावर असतो म्हणून मालकांनी प्लॉट माझ्या नावे घेतला होता. त्यामुळे या घराचे काय करायचे हे ठरवण्याचा हक्क माझा आहे. माझा निर्णय समजावा म्हणून आधी सुंदराबद्दल लिहिणे भाग आहे.

सुंदराचे आणि माझे कधी जमले नाही. तिने माझ्या हातची आमटी आयुष्यात एकदाही नुसती खाल्ली नाही, वरून मीठ घेतलेच. स्वयंपाकघर तिने येऊन महिन्याभरात ताब्यात घेतले. माझ्या विणण्याबद्दल ती पाहुण्यांना सांगायची, "आमच्या वैनीचं डोकं तापलंय. मे महिन्यात लोकर घेऊन बसतीय." मी तिला एक शाल दिली होती, तीही तिने "साकु, साकु," म्हणत, म्हणजे पुरे कर आता, असे हात हलवत घेतली होती.

मालक गेले तेव्हा दुकाने बंद होती आणि माझी लोकर संपली होती. माझे हात थांबेनात. पदराचे टोक पिळत बसायची, पीळ सोडायची, पुन्हा पिळायची. जेवण जात नव्हते. भाऊ तिचाही गेला होता, हे तेव्हा माझ्या लक्षातही आले नाही. दोन दिवस तिने पाहिले. मग ती मी दिलेली शाल घेऊन अंगणात बसली आणि टोक शोधून सगळी उसवली. उसवलेली लोकर शेवयांसारखी कुरळी होते. तिने ती धुतली, तांब्या बांधून दोरीवर वाळत टाकली, म्हणजे वजनाने सरळ होते. मी तसे करताना ती नाके मुरडत पाहायची, म्हणजे शिकत होती. वाळल्यावर लडी दोन्ही हातांवर ताणून ती माझ्यासमोर बसली.

"घे, गुंडा कर. नुसतं बसून माझ्याकडं बघू नको वैनी, मला भ्या वाटतंय."

"कुणासाठी विणू?" मी विचारले.

"माझ्यासाठी विण की. मी काय मेले का?"

मी विणली. झाली तेव्हा तिच्या खांद्यावर टाकली. बाहेर ऊन असे की ओट्यावर पाय ठेवता येत नव्हता, आणि ही बाई शाल पांघरून चुलीपुढे भाकरी करत होती. संध्याकाळी घाम पुसत म्हणाली, "लई छान झालीया. आता उसवू का?"

दुकाने उघडेपर्यंत आम्ही हेच केले. मी विणायचे, तिने पांघरायचे, मग उसवून, धुऊन परत आणून द्यायचे. शेवटी लोकर इतकी झिजली की शालीची नुसती पट्टी उरली. मला बरे वाटेल असे गोड काही ती तेव्हाही बोलली नाही. आमटीत वरून मीठ घेणेही तिने सोडले नाही.

९. या दिवाळीला सोमशेखर आला. तो वाईट नाही. त्याला व्यवहार लवकर सुचतो आणि बोलायची वेळ कळत नाही, एवढेच. जेवताना म्हणाला, "आई, तुझ्यानंतर आत्याचं काय, याचा विचार केलाय मी. आमच्या तिकडं दोनच खोल्या. पंढरपूरजवळ एक आश्रम बघून ठेवलाय. स्वच्छ आहे, डॉक्टर येतात. मग हे घर मोकळं होईल." सुंदरा त्याच्या ताटात चपाती वाढत होती. तिचा हात थांबला नाही. "अजून एक घे," म्हणाली, आणि त्यावर तूप घातले.

तो पुण्याला गेल्यावर ती भांडी लावता लावता पाठमोरीच म्हणाली, "वैनी, आश्रमात स्वयंपाक कोण करतंय?"

मी सुया घेऊन बसले. डॉक्टरांच्या मुलासाठी टोपी लावलेली होती. टाके नीट पडत होते, पण धडधड कमी होईना. कितीही ओळी केल्या तरी नाही. तेव्हा कळले की ही काळजी विणून सरणारी नाही. हिला कागद लागतो. म्हणून वकिलांकडे गेले.

१०. म्हणून मी असे ठरवते की माझ्या पश्चात शेळगीच्या या घरात सुंदरम्मा शिवयोगी कलशेट्टी हिला तिच्या हयातीपर्यंत राहण्याचा, सगळ्या खोल्या वापरण्याचा, व वरची खोली भाड्याने देऊन ते भाडे स्वतः घेण्याचा पूर्ण हक्क राहील. ती हयात असेपर्यंत घर विकता, गहाण ठेवता किंवा पाडता येणार नाही. घरपट्टी सोमशेखरने भरावी. सुंदराने हक्क सोडल्याचा कागद कोणी दाखवला, त्यावर तिची सही असली तरी तो धरू नये. ती रागाने आणि मानाने कशावरही सही करील. तिच्यानंतर घर दोन्ही मुलांचे, समान. या मृत्युपत्राची अंमलबजावणी महेश्वरीने करावी.

हे मी सुंदराला सांगितलेले नाही आणि तिला आधी विचारूही नये. विचारले की ती नको म्हणते, आणि मग तिला नको म्हटल्याप्रमाणे वागावे लागते.

सोमशेखर, माझी माती करून आलास की किल्ली तू तिच्या हातात दे. "आत्या, घर तुझे आहे" वगैरे काही बोलू नको, ती भांडेल. जेवायला काय केले आहेस, एवढेच विचार. मग हात धुऊन पाटावर बस, आणि तिच्या घरचा पाहुणा जसा खातो तसे, ती वाढेल तेवढे खा.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, पुन्हा वाचला, तो माझ्या इच्छेप्रमाणे आहे. साक्षीदारांच्या समोर मी सही केली व माझ्या समोर त्यांनी केली.

सही: काशम्मा चनबसप्पा कलशेट्टी

साक्षीदार:
१. डॉ. मृत्युंजय हिरेमठ, शेळगी. (सही करताना काशम्मा पूर्ण भानावर होत्या. त्यांनी माझी एक शुद्धलेखनाची चूक काढली.)
२. गुरुशांत बिराजदार, निवृत्त वाहक, सोलापूर.

ठिकाण: सोलापूर
दिनांक: ९ जानेवारी २०२५