औषधाचे सात प्रश्न

पाला,
९ नोव्हेंबर

प्रिय थ्रेसिया चेची,

येशूची स्तुती असो. गुडघे कसे आहेत? इरिट्टीचं घर चढावर आहे असं तुमच्या बाकावरची ओमना म्हणाली, म्हणून आधी तुमचे गुडघेच डोळ्यांपुढे आले. बहिणीकडे राहायला गेलात ते बरंच केलंत. मर्सी चेचीच्या हातची मासळीची आमटी आणि उकडलेला कप्पा, तो साबुकंद, खाऊन थोड्या अंगाने भराल तरी. आयसीयूत सत्तावीस वर्षं उभ्याउभ्याच जेवलात.

फोन लावून लावून थकले. तो बंदच आहे. तुम्हाला तो कधी आवडला नव्हताच, वर्गातल्या त्या ऑनलाइन चाचण्यांसाठी मुलाने मस्कतहून पाठवला म्हणून वापरलात. आता पत्राशिवाय गत्यंतर नाही. हाताला सवय राहिलेली नाही, अक्षर बघून हसाल. हसा.

आमचं सगळं ठीक. माझ्या अ‍ॅनचा खोकला अजून आहे, शाळेत पाठवते आणि दुपारी बाई परत पाठवतात. तुमच्या नर्सिंग पदवीच्या वर्गात आता एकवीस जणी उरल्यात. ड्यूटी संपवून तशाच येतात, निम्म्या पेंगतात, आणि मी फळ्यापुढे उभी राहून स्वतःहून दहा-वीस वर्षांनी मोठ्या बायकांना नाडी कशी मोजायची ते सांगते. मागच्या आठवड्यात हृदयविकारावर ऑनलाइन चाचणी झाली. तीस प्रश्न, प्रत्येकाला तीस सेकंद. लीला जावयाचा फोन घेऊन आली होती. आठव्या प्रश्नाला त्याच्या तलाठ्याचा फोन आला, तर बाईने चाचणी राहू दिली आणि जमिनीच्या मोजणीवरून त्या तलाठ्यालाच धारेवर धरलं. मार्क शून्य. सगळ्या हसल्या. पण तुम्ही असतात तर त्यावर काहीतरी बोलला असतात, असं बहुतेक सगळ्यांच्याच मनात आलं, कारण हसू लवकर थांबलं.

वर्गाच्या पहिल्या दिवशी मागच्या बाकावरून तुम्ही म्हणालात, "मॅडम, प्रश्न विचारण्याआधी वेणी बांधा, सुटलीय." मला तेव्हा इतकी लाज वाटली आणि इतकं बरंही वाटलं.

आता तुमच्या त्या चाचणीच्या दिवसाबद्दल. चेची, नियम आहे. दोन फोनांवरून दोन सेकंदांच्या आत एकच उत्तर आलं की ते अ‍ॅप लाल खूण करतं. तुमच्या आणि ओमनाच्या नावापुढे सात लाल खुणा होत्या. पाचाच्या वर गेलं की यादी आपोआप प्राचार्यांकडे जाते. समिती बसली, समितीने ठरवलं. माझ्या हातात काय होतं? एक वर्ष परीक्षेला बसू देणार नव्हते, तेवढंच. पदवी नाही म्हणून आयसीयूचा चार्ज गेला असता हे खरं, पण बाह्यरुग्ण विभागातलं टेबलही काही वाईट नसतं. राजीनामा देण्याची घाई तुम्ही करायला नको होती. थोडं दमाने घ्यायचं होतं.

चेची म्हणजे थोरली बहीण, तिला मी शिकवावं असं नाही. सुचलं ते लिहिलं. मर्सी चेचींना नमस्कार.

तुमची,
बिन्सी


पाला,
२३ नोव्हेंबर

प्रिय चेची,

सोमवारी मर्सी चेची डोळे तपासायला आल्या होत्या. मला वर्गाबाहेर बोलावून हातात पिशवी दिली. तुम्ही तळलेले केळ्याचे वेफर्स, अजून कोमट होते असं म्हटलं तर खोटं ठरेल, सहा तासांचा प्रवास आहे, पण वास ताजा होता. "चेचीने विचारलंय, पोरीचा खोकला गेला का?" एवढाच निरोप. म्हणजे माझं पत्र पोचलं होतं.

मी म्हटलं, "आणखी काही म्हणाल्या?"

"आणखी काय म्हणणार? तू लिहिलंस काय असं?"

मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना. चेची, तुम्ही चार शिव्या पाठवायच्या होत्यात. वेफर्स कशाला पाठवलेत?

मागचं पत्र खोटं होतं. त्यातली एकेक गोष्ट खरी आहे आणि तरी ते पत्र खोटं आहे, कारण जे लिहायचं तेच त्यात नाही. आज लिहिते.

मी नवी असताना, पहिल्याच आठवड्यात, पोटॅशियमची कुपी सिरिंजमध्ये भरून सरळ सलाईनच्या नळीत टोचायला निघाले होते. तुम्ही मनगट धरलंत. इतकं घट्ट की दोन दिवस वळ होते. ओरडला नाहीत. बाजूला नेऊन म्हणालात, "तो माणूस आत्ता मेला असता, आणि तू जन्मभर मेली असतीस. जोखमीचं औषध एकटीने द्यायचं नाही. एकीने मोठ्याने वाचायचं, दुसरीने डोळ्यांनी बघायचं आणि मगच 'बरोबर' म्हणायचं. शेजारी कोणीही असो, नावडती असली तरी." त्यानंतर नऊ वर्षं मी ते केलं. हजारो वेळा. झोपेतसुद्धा म्हणत असेन.

त्या दिवशीच्या चाचणीचा कागद मी नंतर नीट काढून बघितला. तीस प्रश्नांत सात प्रश्न औषधाच्या मात्रेचे होते. लाल खुणा त्या सातांवरच, तेवढेच तुम्ही मोठ्याने वाचलेत. बाकीच्या तेवीस प्रश्नांना तुम्ही तोंड मिटून बसला होतात, आणि त्यातले नऊ चुकलात. नक्कल करणारी बाई नऊ प्रश्न चुकेल आणि मात्रा तेवढ्याच उतरवून घेईल का? हे कोणालाही कळेल. पण अ‍ॅपला सात दिसतात, तेवीस दिसत नाहीत. आणि समितीत ते दाखवायचं काम माझं होतं.

अजून मुद्द्यावर येत नाहीये मी.

सोळावा प्रश्न. हजार मिलिलिटरमध्ये चाळीस पोटॅशियम, तासाला दहा द्यायचं, वेग किती मिलिलिटर? मी तुमच्या बाकामागून फेरी मारत होते. तुम्ही फोन डोळ्यांपासून लांब धरून वाचलंत, "तासाला अडीचशे. बघा गं कोणीतरी." वॉर्डात म्हणता तसंच. ओमनाने मान हलवली. आणि मी, पर्यवेक्षक, वाकून तुमच्या फोनकडे बघितलं आणि म्हणाले, "बरोबर."

जीभ वळली आणि शब्द बाहेर पडला. तुम्ही बटण दाबलंत, ओमनाने दाबलं, मी पुढच्या बाकाकडे गेले. गप्प बसा असं मी त्यानंतरच्या प्रश्नांनाही म्हटलं नाही, कारण काही चुकीचं चाललंय असं मला जाणवलंच नव्हतं.

समितीपुढे लीलाने सांगितलं होतं की कोणीतरी 'बरोबर' म्हणालं. प्राचार्य सिस्टर रोझिलिननी तुम्हाला विचारलं, "ओमना बोलली नाही म्हणता, मग तो आवाज कोणाचा?" तुम्ही माझ्याकडे बघितलंत. एकदाच. मग म्हणालात, "माझाच की. मीच वाचलं, मीच बरोबर म्हटलं. ओमनाच्या कानावर पडलं त्याला ती काय करणार? म्हातारपणी बायका स्वतःशीच बोलतात, सिस्टर. तुम्हीही बोलाल."

सगळे हसले. चेची, मीही हसले.

माझ्या कायम नेमणुकीचा कागद त्याच टेबलावर होता, दुसऱ्या फाइलीखाली. तुम्हाला दिसला होता की नाही मला माहीत नाही. शुक्रवारी त्यावर सही झाली. ओमनाला ताकीद मिळाली, तुम्हाला ते सगळं मिळालं, आणि मला पगारवाढ. ओमना कॅन्टीनमध्ये मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "चोर सोडून संन्याशाला सुळी." तिनेही तो 'बरोबर' ऐकला होता. तुम्ही तिला गप्प बसवलं असणार.

मंगळवारी मी सिस्टर रोझिलिनकडे गेले आणि सांगून टाकलं. वाटलं होतं ओरडतील, नोकरी जाईल, आणि निदान तुमचं नीट होईल. त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. तुमच्या नावापुढे कारणाची एक चौकट होती. तीन पर्याय होते. नक्कल, फोनमध्ये बिघाड, गैरहजर.

"यातलं कुठलं दाबू सांग."

"चौथं काही नाही का, सिस्टर?"

"चौथं असतं तर ते मी त्याच दिवशी दाबलं असतं. मला काय, तिचा आवाज आणि तुझा आवाज वेगळा कळत नाही?"

म्हणजे त्यांनाही माहीत होतं. त्या खोलीत सगळ्यांनाच माहीत होतं की काय, कोण जाणे. मी रडायला लागले तर त्यांनी पाण्याचा पेला पुढे सरकवला आणि म्हणाल्या की यादी विद्यापीठाकडे गेलीय, आता कॉलेजला ती उघडता येत नाही. विद्यार्थिनीने स्वतः लेखी अर्ज केला, त्याला साक्षीदाराचा जबाब जोडला, आणि तो तीस तारखेच्या आत पोचला, तरच फेरविचार होतो. राजीनामाही त्यांनी अजून वर पाठवलेला नाही, ड्रॉवरमध्ये ठेवलाय. "पण ती अर्ज करायची नाही," त्या म्हणाल्या. "अर्जात तुझं नाव लिहावं लागेल ना."

सोबत अर्ज आहे. सगळा भरलाय. माझा जबाब मागे टाचलाय, त्यावर माझी सही आहे, तारीख आहे, सोळावा प्रश्न आहे, तो एक शब्द आहे. फक्त तुमची सही हवी. पेन्सिलने फुली मारलीय तिथे. मला परत पाठवायला तिकिटं लावलेलं पाकीटही आहे. चेची, मला वाचवू नका. हात जोडते. तुम्ही हा कागद वाचून घडी घालून बायबलमध्ये ठेवून द्याल, हे मला इथे बसून दिसतंय, आणि तुमच्या सहीशिवाय मी काहीही करू शकत नाही. नोकरी सोडीन म्हटलं तरी तुमच्या नावापुढचं ते कारण पुसलं जात नाही. तेही विचारून आले.

आज सकाळी विद्यार्थिनींना घेऊन आयसीयूत गेले होते. चार नंबरच्या बेडला ओमना होती. तिने पोटॅशियमची कुपी फोडली, सिरिंजमध्ये ओढलं, सलाईनची बाटली पुढे घेतली आणि मोठ्याने वाचलं. मी हाताच्या अंतरावर उभी होते. मी पुढे झाले. तिने माझ्याकडे बघितलं, सिरिंज तशीच ट्रेमध्ये झाकून ठेवली, आणि वॉर्डाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन नीनूला घेऊन आली. गेल्या जूनमध्ये नोकरीला लागलेली पोर. तिने कुपी बघितली, सिरिंज बघितली, "बरोबर" म्हणाली. मग ओमनाने औषध बाटलीत घातलं. रागावली वगैरे नव्हती. जाताना मला वाट द्यायला बाजूलाही सरकली. तिला 'बरोबर' म्हणायला दुसरी नर्स हवी होती, एवढंच.

तीस तारखेपर्यंत रोज टपाल बघेन. नंतरही बघत राहीन, पण मग त्याचा उपयोग नसेल.

बिन्सी