मनातलं मोठ्यानं

प्रिय शहाणे लेकी,

मावशीकडे जाऊन तुला महिना झाला. फोनवर ‘हं’ आणि ‘बरं’ यांच्यापुढे तू सरकत नाहीस, म्हणून कागद घेतला. मंगळवारी मी एका स्टार्टअपमध्ये मुलाखत देऊन आले. हसू नकोस. विमा कंपनीत सव्वीस वर्षं प्रोग्रॅम लिहिले आहेत. आमचा विभाग बंद झाला, डोकं नाही.

ऑफिस म्हणजे बेकरीच्या वरचा मजला. निम्मे लोक उभ्यानं काम करत होते. एक जण नुसत्या मोज्यांवर फिरत होता, तोच मालक निघाला. तुझ्याएवढ्या एका मुलीनं मला फळ्यापुढे उभं केलं. ती ‘काकू’ म्हणणार होती, ऐनवेळी ‘मॅडम’वर आली. प्रोग्रॅम दाखवून म्हणाली, एकच ऑर्डर दोनदा जातेय, चूक शोधा. मी सवयीप्रमाणे तोंड मिटून एकेक ओळ मनात चालवू लागले. दोन मिनिटांत तिची चुळबुळ सुरू. “मॅडम, बोला ना काहीतरी.” म्हटलं, सापडलं की बोलेन. “तसं नाही, विचार करता करता बोला. तुमचं डोकं कसं चालतं ते आम्हाला ऐकायचंय.” आता डोकं काय ऐकायची वस्तू आहे? चूक सातव्या ओळीत होती. शोधली, दुरुस्त केली. तरी तिचा चेहरा पडलेलाच. बरोबर उत्तर मिळून माणूस नाराज कसा होतो, हे मला अजून उमगलेलं नाही.

जिना उतरताना तुझं बोलणं आठवलं. तिसऱ्या मुलाखतीहून आलीस तेव्हा तू हेच म्हणाली होतीस, “उत्तरं बरोबर होती गं आई, तरी नाही घेतलं.” आणि मी म्हणाले, बरोबर उत्तराला कुणी नाही म्हणत नाही, अभ्यास केला नाहीस आणि वर थापा मारतेस. दुसऱ्या दिवशी तू बॅग भरलीस.

तेव्हापासून स्वयंपाकघरातलं टेबल डोळ्यांपुढून हलत नाही. सात वर्षांची तू गणितं करताना पुटपुटायचीस, “हातचा एक, तो इकडे ठेवू, पळू नकोस रे.” मी पट्टी आपटायचे. तोंड बंद, डोकं चालू! महिन्याभरात पुटपुट थांबली, आणि मी शेजारणीला कौतुकानं सांगितलं. चुकलं का माझं? आमच्या ऑफिसात बडबड्या माणसाला साहेब बाहेर काढायचे. तिथे मी बरोबर होते, इथे चूक. दोन्ही खरं कसं, मला जुळवता येत नाही.

एवढं मात्र कळलं, की तू थापा मारत नव्हतीस. ते शब्द मी मागे घेते. त्या स्टार्टअपचा निरोप आलाय, शुक्रवारी पुन्हा या, फक्त या वेळी मोठ्यानं. आरशापुढे करून पाहिलं, दोन वाक्यांत तोंड आपोआप मिटतं. तू गुरुवारी घरी ये. टेबलापाशी बस आणि पूर्वीसारखी पुटपुट. मला शिकायचंय, आणि त्याहून जास्त, ऐकायचंय.

तुझीच, गोंधळलेली,
आई