माझे एका पेटीचे मशीन आणि त्याची खरी किंमत

मी, बन्सी म्हाळू ओव्हाळ, धर्म बौद्ध, वय अदमासे अडुसष्ट, रेल्वेतून निवृत्त झालेला फिटर, राहणार दौंड, स्टेशनपलीकडे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. छातीत मधूनमधून धडधडते, पण डॉक्टर म्हणतात ते काळजीने होते. मला कोणी भरीस पाडलेले नाही. शिक्षण चौथीपर्यंत, म्हणून कचेरीबाहेर अर्ज लिहिणाऱ्या आण्णांनी मसुदा तपासला आहे. जिथे त्यांनी खोडले आणि मी पुन्हा लिहिले, तिथे माझे धरावे.

एक. राहत्या दोन खोल्या आणि पोस्टातील शिल्लक पत्नी सोजरबाई हिला. तिच्यामागे मुलगी अनसाबाई हिला, जी शिरूरला दिली आहे. यात वाद नाही.

दोन. माझे पाने, कानशी, हातोडी आणि पक्कड जावई रखमाजी यांना. त्यांनी ती वापरावीत, नुसती खिळ्याला टांगू नयेत. मात्र गाण्याचे मशीन त्यांना मिळणार नाही. दिवाळीला आले असताना ते चहा पिता पिता म्हणाले, “मामा, आता मोनो कोण घेतंय? मोडीत घातलं तर नुसत्या लाकडाचं मोल यील.” त्यांना ते सहज वाटले. मला तेव्हापासून चहा गोड लागत नाही.

तीन. म्हणून मशीनची किंमत इथेच लिहून ठेवतो. हा मोनो, म्हणजे सगळे गाणे एकाच पेटीतून देणारा अँप्लिफायर दौंडच्या बाजारातल्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून समोर बसून जोडून घेतला. शिसवी खोके, एक रेकॉर्ड-प्लेअर, आवाजाची एक पेटी, म्हणजे स्पीकर. ज्याला अशा मशीनची पारख करायची असेल त्याने आधी रेकॉर्ड न लावता बटण वाढवावे आणि पेटीला कान लावावा. गुणगुण जितकी कमी तितके मशीन चांगले. मग तासभर वाजवून पाठीमागे हात ठेवावा. कोमट लागले तर ठीक, चटका बसला तर घेऊ नये. शेवटी आवाज अगदी बारीक करावा, आणि तरी गाण्याचे शब्द कळतात का ते पाहावे. मोठ्याने कोणतेही मशीन ओरडते. आमच्याकडे लोक आवाज मालधक्क्यापर्यंत जातो का यावरून किंमत करतात. ती लग्नाच्या कर्ण्याची किंमत झाली, घरातल्या मशीनची नव्हे. माझे मशीन या तिन्ही गोष्टींत उतरते. बिघडले तर त्याचा भाग दौंडात मिळतो. दोन खोल्यांच्या घराला याहून जास्त लागत नाही.

चार. हे सगळे मी शेजारी खंडू दगडोबा साळवे यांना कधी पटवू शकलो नाही. खंडू आणि मी एकाच शेडमध्ये नोकरी केली. त्यांचा मुलगा आखाती देशात आहे. त्याने दोन पेट्यांचा स्टिरिओ आणला. माझ्या पोटी मुलगा नाही, हे मला तोपर्यंत कधी टोचले नव्हते. खंडू ओट्यावरून हाक मारत, “बन्सीआबा, या की ऐकायला. एका कानात सनई, दुसऱ्या कानात ढोलकी.”

मी म्हणे, “माझ्या दोन्ही कानांना मिळून एकच गाणं लागतं.”

मी जात नसे. पण सोजरबाई रोज दिवेलागणीला जाऊ लागली, आणि मी इथे माझे मशीन लावून एकटा बसू लागलो.

एकदा न राहवून तपकीर मागायच्या निमित्ताने गेलो. खंडूंनी एक पेटी पुरुषांसाठी ओट्यावर ठेवली होती आणि दुसरी बायकांसाठी स्वयंपाकघरात. ओट्यावर गाणारीचा आवाज येत होता, पण वाजप जवळजवळ नाही. माझ्या लक्षात आले, एका गाण्याचे दोन तुकडे होऊन दोन पेट्यांत गेले आहेत. घरी आल्यावर सोजरबाईला विचारले, “तिथं आत काय ऐकतीस?”

“ढोलकी. गाणारी बाई कुठं जाती कुणास ठाऊक.”

मला इतका आनंद झाला की जेवताना दोनदा भाकरी मागितली. वाटले, आता ही जाणार नाही. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा पायात चपला घातल्या. मी म्हणालो, “आपल्या घरात आख्खं गाणं हाय. अर्ध्यासाठी कशाला जातीस?”

ती म्हणाली, “जाईबाई मला सुई ठिवू देती. हितं मी फडकं मारलं तरी तुम्ही अंगावर येता. अर्धं आसंल, पर मी लावलेलं आसतं.”

जाईबाई म्हणजे खंडूंची बायको.

पाच. माझ्यामागे सोजरबाईने गाणी ऐकायला साळव्यांच्या घरी जाऊ नये, असे कलम मी प्रथम घातले होते. आण्णांनी ते खोडले. म्हणाले, “आबा, मृत्युपत्रात वस्तू देता येत्यात. बायकूनं कुठं बसावं ते न्हाई देता येत.” हे एकच खोडलेले मी पुन्हा लिहीत नाही.

त्याऐवजी असे लिहितो. मशीन, पेटी आणि सर्व रेकॉर्डी सोजरबाईच्या. तिने विकू नयेत, जावयाने मागू नयेत. परंतु मी गेल्यावर ती निवांत सुई ठेवील आणि ते पाहायला मी नसेन, हे मला सोसवत नाही. म्हणून हे कलम मरणाची वाट न पाहता आजपासून लागू. आवाजाच्या बटणापाशी मी खडूची खूण केली आहे, तिच्यापुढे ते नेऊ नये, एवढी विनंती.

सहा. पहिले साक्षीदार खंडू यांनाच केले आहे. आण्णा म्हणाले की साक्षीदाराला काही न ठेवलेले बरे, आणि वरचे सगळे त्यांच्या समोर मोठ्याने वाचावे लागते.

वाचून झाले, सह्या झाल्या. त्यानंतर सोजरबाईने रेकॉर्ड लावली. खंडू उठायला हवे होते, उठले नाहीत. बाजू संपल्यावर म्हणाले, “वहिनी, दुसरी बाजू लावा.” तिने मला न विचारता लावली आणि बटण खुणेच्या पुढे नेले. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो. हा शेवटचा मजकूर सह्यांनंतर, गाणे संपल्यावर लिहिला. त्याखाली पुन्हा सर्वांच्या सह्या घेतल्या.

बन्सी म्हाळू ओव्हाळ, सही
साक्षीदार: खंडू दगडोबा साळवे, सही
साक्षीदार: आण्णा, अर्जलेखक, सही

मुक्काम दौंड, जिल्हा पुणे
तारीख १९ नोव्हेंबर १९७८