त्याच्या ओठांवर माझा आवाज

आबा, ज्या माणसाच्या जिवावर माझं घर चाललं तो कोरियातला, आणि तुम्ही गेलात तेव्हा मला तो देश नकाशावर दाखवतासुद्धा आला नसता. तुमच्या माघारी मी मुंबईत डबिंग करू लागलो. परदेशी सिनेमातला माणूस ओठ हलवतो, हिंदी मी बोलतो. हा नट पहिल्यांदा माझ्या वाट्याला आला तेव्हा चाकू खाऊन मरणारा गुंड होता. पुढच्या सिनेमात हवालदार. मग बाप मेल्यावर गावी परतणारा मुलगा झाला आणि त्या कामाचं परदेशात बक्षीस मिळालं. त्याचं सगळं मीच बोललो. तो श्वास कुठं घेतो, खोटं बोलताना कुठं अडखळतो, हे मला माझ्या स्वतःच्या सवयींपेक्षा जास्त पाठ झालं.

आणे गावची जत्रा आठवते? तंबूतल्या सिनेमाची जाहिरात करत तुम्ही बेल्ह्यापासून जीपमधून ओरडत आलेलात, घसा पार बसलेला. भोंग्याचा माईक तुम्ही माझ्या हातात दिलात. मी हिंदी हिरोच्या आवाजात खेळाची वेळ सांगितली, माणसं थांबली, हसली. मी फुशारून घरी आलो. आई चुलीपुढं भाकरी थापतेय, तुम्ही मिठाच्या पाण्यानं गुळण्या करताय, आणि माझ्याकडं न बघताच म्हणता, "नक्कल झ्याक केलीस. पण माणसं त्याच्यासाठी थांबली व्हती, तुझ्यासाठी न्हाई." ते वाक्य मला अजून एका जागी बसू देत नाही. काम चांगलं झालं की स्टुडिओतली मंडळी चहा पितात, मी जिन्यात येरझाऱ्या घालतो.

तो नट मुंबईत आला तेव्हा मला हॉटेलात बोलावणं आलं. माझ्यापेक्षा बुटका निघाला. दुभाष्याकरवी त्यानं सांगितलं की बाप गेल्याचा प्रसंग त्यानं हिंदीत ऐकला, शब्द कळला नाही, पण रडणं ओळखीचं वाटलं. कुणाला आठवून रडलात, असं त्यानं विचारलं.

"वडिलांना," मी म्हणालो.

त्याचे वडील मासळी विकायचे, त्याचा एकही सिनेमा बघायच्या आत गेले. दुभाष्या उगाच घड्याळाकडं बघत राहिला.

पुढं त्याला मोठा इंग्रजी सिनेमा मिळाला. इंग्रजी तो स्वतःच बोलला. हिंदीसाठी मी फोनची वाट बघितली, शेवटी मीच केला. स्टुडिओवाल्यानं समजावलं की आता तो जगात गाजलाय, त्याला आवाजही हिंदीतल्या चालत्या हिरोचा लागणार. राग कुणावर काढावा कळेना. त्या नटाचं भलं व्हावं असंच तर वाटत होतं.

नारायणगावला धाकट्या भावाबरोबर तो सिनेमा हिंदीत बघितला. अंधारात माझे ओठ आपोआप हलत होते. बाहेर गाडीला किक मारता मारता धाकटा म्हणाला, "दादा, ह्या टायमाला तुझा आवाज लई भारी लागला."

मी नुसती मान हलवली आणि मागं बसलो. हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगतो आबा, त्या हिंदी हिरोनं ते खरोखरच माझ्यापेक्षा चांगलं म्हटलं होतं.